चिंधी बांधलेलं चाक

बोरखेडे बुद्रुक आणि बोरखेडे खुर्द,
मधे नाला. त्यात केळीच्या वाळक्या पानांखेरीज
सहसा काही वाहत नाही.
हायस्कूल मंजूर झालं एकच,
तुकडी एक, मुलं चाळीस,
पाच किलोमीटरच्या आतली.

केंद्रप्रमुख म्हणाले, बिऱ्हाडे गुरुजी,
तुमच्याकडे सायकल आहे.
मी पुढच्या चाकाच्या तारेला
बायकोच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली.
एक फेरा सव्वादोन मीटर.
दोन हजार दोनशे बावीस फेरे झाले
की शाळा संपते.

पण मोजायचं कुठून?
मोरीवर दोन्ही गावं जमली, आपापल्या काठाला टेकून.
लोटन आबा म्हणाले,
"जागा आमनी, शाळा आमना गावले पाहिजे."
"तुमनी जागा मसणवाटावर शे," कोकिळाबाई उठल्या,
"सांजले पोरी कश्या येतीन?"
कुणी म्हणालं मारुतीपासून धरा,
कुणी म्हणालं पाण्याच्या टाकीपासून.
फकिरा पिंजारी म्हणाला, पिराच्या ओट्यापासून धरा,
तो दोन्ही गावांच्या आधीचा.
सगळे हसले.
मग कुणीच काही बोलेना.

अखेर ठरलं मोरीजवळचं बंद जिनिंग,
जे कुणाचंच नव्हतं, म्हणून दोघांनाही चाललं.
एका गोष्टीवर मात्र दोन्ही काठ
लगेच एक झाले:
सागपाणी पाडा लांब पडतो, गुरुजी.
ती पोरं दिवाळीपर्यंत बसतात,
मग आईबापामागे ऊसतोडीला. पट पडतो.
बघा, मोजून बघा.
आवाजात राग नव्हता.
चहा सांगितला होता माझ्यासाठी.

पाड्याच्या वाटेवर सुमली भेटली, सातवीतली,
डोक्यावर मोळी. चिंधी बघून म्हणाली, हे काय?
सांगितलं.
मग ती बरोबर चालत राहिली,
शंभर झाले की एक चिंचोका
ओच्यात टाकत.
माझी मोजणी दोनदा चुकली, तिची नाही.
बावीस चिंचोके झाले, वर बावीस फेरे,
आणि समोर चढ होता, चढावर तिचं घर.
कुडाची भिंत दिसत होती,
भिंतीवर वाळत घातलेला शाळेचा निळा झगासुद्धा.
अठ्ठ्याऐंशी फेरे जास्त.

जामसिंगने खाट टाकली, पाणी दिलं.
म्हणाला, आश्रमशाळेत दोन वेळ जेवण मिळतं, गुरुजी.
तुमच्या जिनिंगमध्ये काय मिळेल?
मी म्हणालो, संध्याकाळी पोर घरी येईल.
तो बराच वेळ
कोंबड्यांकडे बघत बसला.
"ते आहे," म्हणाला.
हो म्हणाला नाही.

जाण्याचं अंतर धरायचं की येण्याचं,
हे आदेशात नाही.
परतताना उतारावर
मी पुढचा ब्रेक गच्च दाबून धरला
आणि सायकल ओढत आणली.
मुरमावर चाक घसरत आलं, फिरलं नाही.
चिंधी वरच्या वर राहिली, लाल,
हात वर करून थांबलेल्या पोरासारखी.
खाली पोचलो तेव्हा टायरवर
बोटभर सपाट डाग पडला होता.

रकान्यात लिहिलं: दोन हजार दोनशे अठरा.
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

उद्या दोन्ही गावं टेप घेऊन येणार आहेत,
प्रथमच एका ट्रॅक्टरमध्ये बसून.
आबांनी निरोप पाठवलाय, तुम्हीही चला, गुरुजी,
सायकल नका आणू.
बायको विचारते, चिंधी सोडू का? पुसायला होईल.
मी म्हणालो, राहू दे.
ओसरीवर बाहेरून कुणीतरी
एक चिंचोका ठेवून गेलंय.
तेविसावा असावा.