निशाणी एकतीस

निकाल लागला त्या दिवशी मी कोर्टातून सीबीएसपर्यंत चालत आले
आणि उसाचा रस प्यायले, बर्फ न घालता.
चार लाख शहाऐंशी हजार, अधिक सहा वर्षं,
वजा सगळं.
'दावा रद्द. खर्च ज्याचा त्याने सोसावा.'
सोसणं हा शब्द कोर्टालाही ठाऊक आहे तर.

करार दीड पानांचा.
वाइनच्या बाटल्यांसाठी चाळीस हजार लेबलं,
रंग जांभळा, नमुन्याप्रमाणे.
गंगापूर रोडच्या त्यांच्या थंडगार ऑफिसात
आम्ही दोघांनी सह्या केल्या
करारावर, आणि नमुन्याच्या पाठीवरही.
मग माल गेला, आणि महिन्याभरात परत आला,
'रंग जुळत नाही' एवढ्या ओळीसकट.
(त्यांची वाइनच खपली नव्हती
हे सातपूरच्या चहावाल्यालाही माहीत होतं,
पण चहावाला साक्षीदारांच्या यादीत नव्हता.)

रंग घोटला होता निवृत्ती पेखळेंनी,
आमच्या शेडमध्ये, काचेवर, पात्याने.
गुलाबी एवढा, निळा तेवढा,
काळा फक्त नखावर मावेल इतका.
उलटतपासात त्यांना विचारलं, प्रमाण काय?
ते म्हणाले, डोळा.
निकालपत्र, परिच्छेद अठरा:
'साक्षीदार प्रमाण सांगू शकला नाही.'

परिच्छेद एकोणीस:
'नमुना व लेबल शेजारी ठेवून पाहिले असता
फरक उघड दिसतो.'
दिसतोच. मलाही दिसला.
लेबलं बांधलेल्या खोक्यात, अजून पिकल्या जांभळासारखी.
नमुना मात्र पुठ्ठ्यावर लावलेला, फाइलीत मावेना,
म्हणून पश्चिमेच्या खिडकीशी कपाटावर उभा
सहा उन्हाळे.
आता आमसुलाच्या पाण्यासारखा.
नाशिकचं ऊन कुणाच्या बाजूने साक्ष देतं
हे मी आधी विचारायला हवं होतं.

बागूल वकील म्हणाले, अपील करू.
वर जिल्हा न्यायाधीशांपुढे. आवार तेच, जिना वेगळा.
मुदत तीस दिवस, नकलेला लागलेले वगळून.
नक्कल हा इथे गंभीर शब्द आहे,
खिडकीमागचा नक्कल देणारा माणूस
तीन आठवडे एकदाही हसला नाही.
'आणि एक लक्षात ठेवा, ताई,
अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत.
जे दप्तरात आहे, तेच.'

म्हणून मी दप्तर बघायला गेले.
कारकुनाने पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवला,
म्हणाला, हात लावू नका.
मी हात मागे बांधून वाकले.
उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: निशाणी ३१,
तारीख, शिक्का, कुणाची तरी घाईची सही.
चिठ्ठीचा डिंक वाळला होता.
एक कोपरा आपसूक वर आला होता, करंगळीएवढा,
आणि त्याच्याखाली
पेखळेंचा जांभळा,
काळ्यासकट.

मी बागूलांना बोलावलं. तेही वाकले.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकले.
अपिलाच्या मेमोत कारण क्रमांक चार
त्यांनी चार वेळा खोडून लिहिलं:
'खालील न्यायालयाने निशाणीवरची चिठ्ठी वाचली,
चिठ्ठीखालची निशाणी पाहिली नाही.'
टायपिस्ट म्हणाला, साहेब, ही कविता वाटते.
बागूल म्हणाले, कोर्ट-फी स्टॅम्प लाव, मग वाटणार नाही.

रात्री पेखळेंना फोन केला.
ते आता नातीला शाळेत सोडतात, शाईचा वास विसरलेत म्हणे.
सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं,
चिठ्ठी कशाने चिकटवली होती?
डिंकाने.
मग ठीक आहे, बाई. डिंक हा रंग खात नाही.

अपील दाखल झालंय. तारीख एकवीस.
जिंकेन की नाही, बागूलही सांगत नाहीत.
मला सध्या भीती एकाच माणसाची आहे:
त्या कपाटाशी नवा बदलून आलेला,
कामसू, नीटनेटका कारकून,
ज्याला तो सुटलेला कोपरा दिसेल
आणि जो ड्रॉवरमधून
डिंकाची बाटली काढेल.