तिसरा चेहरा

यितबारेक गुरुजींनी दोन चेहरे एका दिवसात काढले.
तिसऱ्याला चाळीस दिवस लागले,
आणि ते चाळीसही दिवस मी पिवळी माती वाटत होतो.

ताना सरोवराच्या काठचं गोल देऊळ,
भिंतीवर चिकटवलेलं कापड, त्याला सरसाचा वास.
चित्र पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं: तीन म्हातारे, शुभ्र दाढ्या,
तिघांच्या गुडघ्यांवरून वाहत गेलेला एकच तांबडा झगा,
आणि तिघांचा चेहरा एक.
सारखा नव्हे, सिसाय. एक.
सारखी तर अंडीही असतात.

दोरीनं मोजायचे. नाकापासून भुवईपर्यंत,
भुवईपासून केसांपर्यंत.
माप बरोबर यायचं, चेहरा चुकायचा.
कधी तिसरा दमलेला दिसायचा.
एकदा तर तो गुरुजींच्या बुडालेल्या भावासारखा निघाला,
तेव्हा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला
आणि फडकं बराच वेळ हातात धरून बसले.

मी तेरा वर्षांचा, हिशेबात हुशार.
म्हटलं, एकाचाच खाका करू, तीनदा उमटवू.
ते हसले नाहीत.
मग तो एकटा म्हातारा होईल, तीन आरशांतला.
त्यांची एकमेकांवरची माया कुठे काढशील?

दब्तेरा मेरावी यायचे, दाखले द्यायचे:
सूर्य, सूर्याचा उजेड, सूर्याची ऊब.
गुरुजी मान डोलावायचे. एका दुपारी मात्र बोलले,
सूर्याला माझं नाव माहीत नाही, मेरावी.
डोंगर असता तर चढून गेलो असतो.
हा चेहरा आहे.
चेहऱ्याच्या मागे मागे किती चालायचं?
त्यानं वळायला हवं.

मेरावी गप्प. मग जरा रागावूनच:
वळला नाही का?
यार्देनच्या पाण्यात उभा राहिला,
वरून हाक आली, पंख उतरले.
तुला आणखी किती वळून हवाय?

त्या रात्री सरोवरावर वारा सुटला.
आम्ही इंजेरा मोडत होतो.
लव्हाळ्याची होडी काठाला घासली.
गुरुजींची बायको वलेत्तेसेलासी,
जिच्या नावाचाच अर्थ त्रैक्याची लेक,
दाराच्या फटीतून बघून म्हणाली, ते आले.

आमच्या भाषेत मानाच्या एका माणसालाही असंच म्हणतात
आणि तिघे आले तरी असंच.
मी विचारलं, ते म्हणजे एक की अनेक?
अंधार आहे रे, ती म्हणाली.
पाय धुवायला पाणी ठेव आधी.
किती ते आत आल्यावर कळेल.

गुरुजींचा घास हातातच राहिला.
कुणाशी बोलल्यासारखे म्हणाले,
मम्रेच्या झाडांखाली अब्राहामनं तिघांना पाहिलं
आणि हाक मारली, प्रभू.
मोजत बसला नाही.
भर उन्हात धावला म्हातारा,
पीठ मळायला सांगितलं,
वासरू निवडायला स्वतः गेला.

आले होते मठाचे अब्बा,
एकटेच, दिव्याचं तेल मागायला.

पहाटे गुरुजींनी दोरी माझ्या खिशात कोंबली.
पहिल्या दोघांकडे पाहिलंच नाही.
ओठ हलत होते, काय ते ऐकू आलं नाही,
आणि कुंचला अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपत
कुणी दाराशी जावं तसा चालला होता.
मी मातीत पाणी घातलं, वर पाहिलं,
तर कुणीतरी आधीपासून माझ्याकडे पाहत होतं.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा.
कुंचल्याचा एक केस ओल्या रंगात अडकला होता,
तिसऱ्याच्या दाढीत, गुरुजींनी तसाच राहू दिला.
कुणाला सांगितलं नाही.
दर सणाला भिंत पुसायच्या निमित्तानं
दिवा जवळ नेऊन शोधतो.
आधी उजवीकडच्याच्या दाढीत, मग मधल्याच्या,
मग वाटतं, नाही, डावीकडचाच तिसरा होता.

तेल संपतं. तिघे पाहत राहतात.