एक जानेवारी दोन हजार नऊ

लाइट गेली की आमच्या कंप्युटरात
पुन्हा एक जानेवारी दोन हजार नऊ होते.
रात्रीचे बारा वाजलेले असतात त्याच्यात,
बाहेर तलावावर ऊन उभं.

पतसंस्थेच्या लिलावातला डबा, साडेआठशेचा.
होमराजनं, माझ्या मावसभावानं, त्यातलं जुनं सगळं पुसलं,
नवी सिस्टिम टाकली अन् पुण्याच्या गाडीत बसला.
जाताना म्हणाला, फुकटचं नको म्हणू ताई, मोकळं म्हण.
सासरे बाजेवरून म्हणाले,
मोकळं तं ढोर असते बापा, दावं सुटलेलं.
दुसऱ्याच्या धानात शिरते.

शिलाई मशीनवर ठेवलाय.
खालचं पायडल अजून हलतं.
पान उघडायला वेळ लागला की आचल ते पायानं दाबत राहते,
जसं काही त्याच्यानंच चालतो.

मच्छीमार संस्थेचा हिशेब माझ्याकडे.
रोहू किती, कतला किती, मरळ कोणाच्या जाळ्यात,
झिंग्यांचं वेगळं पान.
फोन खिडकीच्या गजाला बांधते, लाखनीकडे तोंड करून,
तेव्हा कुठं नेट उतरते घरात.
मग कोपऱ्यात लाल टिकली:
नवीन आलंय, घ्या. तीनशे बारा एमबी.
दिवसाचा डेटा दीड जीबी,
त्यात आचलचा अभ्यास, सासऱ्यांची दंडार,
नवऱ्याचं काय ते त्यालाच माहीत.
नाही घेतलं तर? होमराजला विचारलं होतं.
घेत जा, म्हणाला. पुढे काही नाही.
मी पहाटे चारला उठून घेते.

तालुक्यातून फाइल आली.
उघडली तर मराठी नव्हतीच,
खिळे, आकडे, उलटे कोयते.
साहेब फोनवर म्हणाले,
तुमचंच मशीन बरोबर नाही बाई, सगळ्यांच्यात दिसते.
त्यांचा फॉन्ट जुना, विकतचा, त्यांच्याच घरचा.
रात्री साडेदहाला एक जुगाड सापडला,
ओळीमागून ओळ सरळ व्हायला लागली:
तलाव ठेका. नूतनीकरण. अंतिम दिनांक.
अंतिम दिनांक उद्याचा.

अन् लाइट गेली.

आली तेव्हा दोन हजार नऊ.
नेट म्हणते, तुमचं घड्याळ मागे आहे, मी नाही बोलत.
काळ्या खिडकीत पासवर्ड टाकला.
टाकताना टिंबसुद्धा उमटत नाही तिथं,
पहिल्यांदा मला वाटलं होतं, कीबोर्ड मेला.
तारीख हातानं ओढून आणली.
परत गेली लाइट. परत आणली. परत.
आचल अंथरुणातून म्हणाली,
आई, याच्या हिशेबानं मी झालीच नाही अजून.
मग गप झोप, म्हटलं,
अन् दोघी किती वेळ हसत होतो अंधारात.

डबा उघडला शेवटी, टॉर्च दातात धरून.
धूळ, पालीचं अंडं,
अन् एक चपटा सेल, रुपयाएवढा, संपलेला.
नवरा म्हणाला, तसलाच आपल्या काट्यात आहे,
झिंगे तोलायच्या.
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो म्हणाला, उद्या बाजार आहे माय.
मग स्वतःच उठून काटा घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी झिंग्यांचे वाटे लावले, नजरेनं.
भागरथाबाईनं तीन वाटे हातात घेऊन पाहिले,
चौथा उचलला, म्हणाली,
काहून वो, काटा कुठी गेला?
तारीख पाहून राहिला, म्हटलं.
तिला वाटलं, मी थट्टा करते.
वरून दोन झिंगे जास्तीचे टाकून गेली पिशवीत.

अर्ज गेला अकरा चाळीसला.
पोच आली, खिळ्या-कोयत्यांतच.
तरी तारीख वाचता आली,
आकडे तेवढे सगळीकडे सारखे.

संध्याकाळी लाइट दोनदा गेली, दोनदा आली.
सतरा जून. सतरा जूनच.
आचल पाया पडली कंप्युटरच्या, नाटकी.
कोपऱ्यात लाल टिकली होती,
दोनशे शहाण्णव.
चारचा अलार्म लावला.