बाजूची लाट

शमाल दोन दिवस वाहिला
आणि मगरिबच्या सुमारास थांबला.
वारा गेला, त्याची लाट मागे राहिली,
पाहुणा उठून गेल्यावर
झोपाळा हलत राहावा तशी.

रम्सच्या खाडीबाहेर, तीन वाव पाण्यात
आमचा नांगर वाळूत घट्ट.
रात्री डोंगरावरून कोरडा वारा उतरतो,
होडीचं तोंड त्याच्याकडे वळतं
आणि कूस उघडी पडते.
लाट नेमकी तिथेच येते.
डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.
फळीवरचा चमचा जातो, येतो,
जातो, येतो.
श्रीरंग म्हणतो, काढ तो तिथून.
मी काढते. मग हळदीची बाटली सुरू होते.

बावीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात
भट्टीचं तापमान सांभाळलेला हा माणूस
एकोणतीस फुटी शिडाची होडी घेऊन बसला,
निघून चाललेल्या एका जर्मन वेल्डरकडून,
दोन हप्त्यांत.
मला विचारलं नव्हतं.
मी माणदेशातली.
आमच्याकडे पाणी हिंदकळायचं
ते फक्त डोक्यावरच्या हंड्यात.

आधी त्याने बादली टांगली.
शिडाची आडवी काठी पाण्यावर काढून, दोरांनी ताणून,
टोकाला बादली, बादलीत डंबेल.
पाऊण तासात कडी निखळली.
डंबेल त्याचं होतं,
बादली माझी, धुण्याची.

मग ओव्हनचा ट्रे.
भोकं पाडली, भोकांवर
टायरच्या ट्यूबचे पडदे शिवले,
खाली जाताना उघडणारे,
वर येताना मिटणारे.
तो समजावू लागला, दाब, रोध, आवर्तन,
म्हटलं, कळलं रे.
हंड्यात आम्ही कडुलिंबाची डहाळी टाकायचो,
विहिरीचा चढ चढताना पाणी अंगावर येऊ नये म्हणून.
पानं पाण्याला अडवत नाहीत,
नुसतं त्याला एका बाजूला गोळा होऊ देत नाहीत.
तो बराच वेळ ट्रे मांडीवर घेऊन बसला.
लग्नाला एकतीस वर्षं झाली, म्हणाला,
हे कधी सांगितलं नाहीस.
तू कधी हंडा उचलला होतास?

ट्रेने निम्मं काम केलं.
अकरा वाजता दुसरा दोर:
नांगराच्या साखळीला बांधला,
उजव्या अंगाने पार मागे आणला,
साखळी आणखी आठ-दहा हात सोडली.
होडी सावकाश वळली,
म्हैस वळते तशी, स्वतःच्या मर्जीने,
आणि लाटेला तोंड दिलं.

बाटली थांबली.

मग सगळंच ऐकू यायला लागलं.
पलीकडच्या बंदरात जहाजात ओतली जाणारी खडी.
तळाशी वाळूवरून सरकणारी साखळी.
त्याच्या छातीतली बारीक शिट्टी.
हेलकाव्यात कुणी काही विचारत नाही,
धरून राहायचं असतं, तेवढंच.
आता तो म्हणाला, सोमवारी व्हिसा संपतो.
तारीख मला पाठ होती.
म्हटलं, हो.

सकाळी सुहैल येईल चाव्या न्यायला.
इथलाच, टायरचं दुकान आहे,
ती ट्यूबही त्याच्याच दुकानातली.
दोन लहान मुली. पैसे त्याने कधीच चुकते केलेत.
तरी श्रीरंग दातात टॉर्च धरून
ट्रेच्या कडा सँडपेपरने घासतोय,
पोरींची बोटं कापू नयेत म्हणून.
इंजिनाच्या झाकणावर, आतल्या बाजूला
मोडक्यातोडक्या अरबीत लिहून ठेवलंय त्याने:
शमालनंतर दोर उजवीकडून.
डोलणं पूर्ण जात नाही.

मी म्हणते, डहाळीचंही लिही.
कडुलिंबाला अरबीत काय म्हणतात,
त्याला ठाऊक नाही. मलाही.
कारखान्याच्या रस्त्यावर दुतर्फा आहेत झाडं,
बावीस वर्षं त्यांच्याच सावलीत गाडी लावली,
नाव विचारायचं राहून गेलं.

सकाळी सुहैलला विचारू.