पुढची सीट

पत्र आलं मार्चमध्ये, विजेच्या बिलाखाली दडून.
दमट हवेत, लिहिलं होतं, एअरबॅगमधली पूड नासते,
धडक बसली तर उशी फुगण्याऐवजी
पत्र्याच्या चिरफळ्या उडतात.
म्हणजे कुंपणच शेत खाणार.
सुटा भाग उपलब्ध होईपर्यंत
पुढच्या सीटवर कोणालाही बसवू नये.

दमट हवा!
लेक चार्ल्समध्ये दुसरी असते कुठे?
इथे मीठ भांड्याला धरून बसतं,
रिफायनरीच्या दिव्यांनाही रात्रभर घाम सुटलेला.

माझ्या बाजूची बॅग चांगली आहे म्हणे.
वाईट ती फक्त पापांच्या बाजूची.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे पाचला डायलिसिस.
सहा वर्षं ते माझ्या उजव्या हाताला बसत आले,
मांडीवर थर्मास, आणि माझ्या गाडी चालवण्याचा पंचनामा :
"सिग्नल हिरवा झालाय, ओदील. याहून हिरवा होत नसतो."
मागे बसवलं त्या दिवशी
दार लावायच्या आधी म्हणाले,
"म्हणजे आता मी सामान."

सर्व्हिस काउंटरवरचा ड्वेन माणूस चांगला.
एप्रिलमध्ये म्हणाला, जून.
जूनमध्ये म्हणाला, सांगता येत नाही,
आणि मला एक पेन दिलं.

जुलैत उसनी गाडी मिळाली. मग तिच्याजागी दुसरी. मग तिसरी.
अटींचा कागद प्रत्येक वेळी तोच :
खाऊ नये, कुत्रा बसवू नये,
दिवसाला शंभर मैलांपलीकडे जाऊ नये.
डायलिसिस सेंटर अकरा मैलांवर.
आमचं जग त्या कागदात आरामात मावत होतं.

पहिली पांढरी. किल्ली फिरवली की पडद्यावर अक्षरं यायची :
ट्रिशाचा फोन शोधत आहे.
रोज पहाटे ती गाडी ट्रिशाला शोधायची
आणि आम्ही दोघं गप्प बसायचो,
जणू हाक आपल्याच घरातून गेली होती.
"सापडली का?" पापा विचारायचे.
नाही सापडली.

मग लाल पिकअप, पायरी गुडघ्याएवढी उंच.
स्वयंपाकघरातलं स्टूल तीन आठवडे मागे पडून होतं.
तिच्यात बसून पापांनी पहिल्यांदा विचारलं,
"आज आपण कोण?"
मी म्हटलं, तेलविहिरीचे ठेकेदार.
ते सेंटरच्या दारात नर्सला म्हणाले,
"लवकर आटपा. माझी माणसं खोळंबलीत."

तिसरीत सनस्क्रीनचा वास
आणि पायाखाली कुणाच्या तरी सुट्टीची वाळू.
त्या दिवशी आम्ही नवरा सोडून पळालेली बाई
आणि तिचा वकील होतो.
चौथीत कोण होतो ते आता आठवत नाही.
त्या महिन्यात त्यांची सुई दोनदा निसटली होती.

फेब्रुवारीत ड्वेनचा फोन आला. झालं काम.
बाराव्या महिन्यात. खर्च शून्य.
माझी गाडी त्यांनी धुऊन दिली होती,
त्यामुळे ती मला ओळखीची वाटेना.

बुधवारी पापा पुढे बसले.
सीटमध्ये त्यांच्या पाठीचा खळगा होता
सहा वर्षांत पडलेला, तसाच.
पापाच तो आता भरत नव्हते.
पट्टा मी ओढत गेले, ओढत गेले,
तेव्हा कुठे तो छातीला टेकला.

त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला,
जिथे आत नवी बॅग घडी घालून बसली असेल.
"आज आपण कोण?"

मी सांगायला काहीतरी शोधत होते.
रायन स्ट्रीटचा सिग्नल हिरवा झाला,
हिरवाच राहिला,
आणि ते काही बोलले नाहीत.