ऊट आत

मिरजेच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात,
खिडकीशेजारची सात नंबरची खाट.
तिच्यावर ऐनापूरची निंगव्वा.
खुब्याचं हाड मोडलेलं, तोंडात नुसती कानडी.
मी तासगावची. कानडी मला
लग्नात भेटलेल्या पाहुण्यासारखी,
चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही.

रात्री गोळ्या देऊन स्टुलावर जेमतेम टेकले
तर माझ्याकडे बघून म्हणाली, "ऊट आत?"
ऊठ? आत?
म्हटलं, आजी, वॉर्ड काय तुमच्या मालकीचा आहे?
पण उठले.
आतल्या खोलीत जाऊन उगाच सुया मोजल्या.

दुसऱ्या रात्री "मनी, मनी" करत रडत होती.
मी खाटेखाली बॅटरी मारली.
मांजर नव्हतं. एक चप्पल होती
आणि नातवानं खाल्लेल्या शेंगांची टरफलं.

मलगोंडा जतकडचा, उमदीचा. स्ट्रेचर ढकलतो,
शिव्या दोन्ही भाषांत देतो.
चौथ्या रात्री सांगितलं त्याला, तर भिंतीला टेकून हसला.
"सिस्टर, मनी म्हंजे घर. घरला जायचंय तिला.
आन् ऊट आत म्हंजे, जेवण झालं का."

जेवण झालं का.
चार रात्री ती हेच विचारत होती
आणि चार रात्री मी डबा न उघडता
उठून आत जात होते.

मनी वसे ते स्वप्नी दिसे,
शाळेत वळण गिरवायला दिलेली ओळ.
आता त्या ओळीत मला कौलं दिसतात,
दाराशी बांधलेली शेळी.

आणि ताई.
ताई म्हणायची मला, शेवट जरा लांबवून.
त्याचा अर्थ कोण कशाला विचारेल?
ऐंशीची बाई सव्वीसच्या पोरीला म्हणते,
सिस्टरचं मराठी, झालं.
तिला घरी सोडलं त्या दिवशी
गाडीचं दार लावून हात पुसत
मलगोंडा सहज बोलून गेला,
"तिकडं तायी म्हंजे आई की."
गाडी तोवर म्हैसाळच्या रस्त्याला लागली होती.

संध्याकाळी घरी आले.
सुयोग ओट्यावर, मान मोबाइलात.
म्हटलं, "ऊट आत?"
बिचारा उठला, आत गेला.

तसं काही चुकलं नाही.
भाकरी आतच होती.