तिसरा हिस्सा

जेबेझ थर्लो, पिंपं घडवणारा,
राहणार न्यूबरी, मॅसॅच्युसेट्स,
गेला तो १७४१च्या मार्चात,
मृत्युपत्र न करता.
मग रिवाजाप्रमाणे तीन शेजारी घरात शिरले
आणि दिवस मावळेपर्यंत मोजत बसले.

एक वाकस, दांडा तुटका.
रंधे दोन.
पिसांची गादी. आरसा, तडा धरून किंमत.
गाय एक, म्हातारी.
ओकच्या फळ्या अंदाजे चारशे, ओल्या.
गलबतवाल्याकडून येणं वीस पौंड,
पुढे दुसऱ्या हातानं लिहिलंय, बुडीत.

मी मायक्रोफिल्मची मूठ फिरवतो.
अक्षरं वाहतात, थांबतात, पुन्हा वाहतात.
बहीण लोइस फोनवर विचारते,
काही जमीन निघते का रे?
निघते, मी म्हणतो,
तिच्यावर आता टायरचं दुकान आहे.

आमचे वडील हातात पाना घेऊन सांगायचे,
आपण मोठ्या घराण्यातले.
गाडीखालून सांगायचे.
आम्हाला फक्त त्यांचे बूट दिसायचे.

जेबेझची दुसरी बायको मेहिटेबल.
माहेरचं आडनाव होतं त्या पानाचा कोपरा
उंदरांनी नेला.
कोर्टानं तिला तिसरा हिस्सा काढून दिला,
पूर्वेची खोली, तळघराचा ओलसर भाग,
जिन्यानं चढण्या-उतरण्याचा हक्क,
आठवड्यातून दोन दिवस भट्टी,
आणि विहिरीपर्यंतची वाट,
सदरहू विधवेस जाण्या-येण्यास मोकळी.
बाकीचं घर पहिलीच्या मुलाचं, इनॉकचं.

बावीस वर्षं जगली ती त्यानंतर.
मी हिशेब करतो,
किती वेळा गेली असेल घागर घेऊन
इनॉकच्या चुलीसमोरून,
कायद्यानं मोकळ्या वाटेवर
पाय न वाजवता.

चारशे ओल्या फळ्याही तिच्याच वाट्याला,
कुणालाच नको होत्या म्हणून.

पावतीवर तिची निशाणी आहे.
लिहिता न येणारे फुली काढतात,
हिनं वर्तुळ काढलंय,
आणि ते जुळलेलं नाही,
ठोकायच्या आधी कडं असतं
तसं, एका जागी उघडं.

मी ते तिथेच सोडलं असतं.
पण शेजारच्या कपाटात एका मासळीवाल्याची वही होती,
आणि वहीत, १७४६, ऑक्टोबर,
विधवा थर्लोकडून पिंपं साठ,
मीठमाशासाठी. गळत नाहीत.
रोख दिले.

पाच वर्षं.
ओकची फळी वाळायला तेवढी लागतातच,
असं खिडकीतला कारकून म्हणाला,
त्याचा आजा होड्या बांधायचा.

वंशावळीच्या छापील कागदावर
तिच्या नावापुढे धंद्याची चौकट नाहीच,
ती फक्त पुरुषांपुढे आहे.
मी समासात लिहू लागलो
तोच कारकुनानं दिवे घालवायला सुरुवात केली,
मागच्या रांगेपासून.

लोइसचे दोन मिस्ड कॉल.
तिला काय सांगू, काय निघालं?